लोला, वेलची आणि माझा डबा

माझा निळ्या झाकणाचा डबा अजून परत आलेला नाही, हे आधी नोंदवून ठेवते.

झालं इतकंच, की शनिवारी मनिलातल्या आमच्या बाराव्या मजल्यावर मी मारूया करायला घेतली. म्हणजे केळ्याची भजी. स्पॅनिश लोक इथे ३३३ वर्षं राज्य करून १८९८ साली गेले, पण दुपारच्या खाण्याची सवय लावून गेले. त्याला मेरिएन्दा म्हणतात. तीन वाजले की कोपऱ्याकोपऱ्यावर तेल तापतं. काडीला टोचलेलं बनाना क्यू, पातळ पापुद्र्यात फणसासकट गुंडाळलेलं तुरोन आणि मारूया. पहिल्या दोघांसाठी कडकडीत तेलात साखर टाकावी लागते. मला माझे हात प्रिय आहेत. म्हणून मारूया.

पीठ भिजवलं, अंडं फोडलं आणि हात आपोआप वेलचीच्या डबीकडे गेला. डोंबिवलीत वाढलेला हात, त्याचा काय दोष?

पहिला घाणा काढतेय तोच दारावर टकटक. शेजारची लोला. लोला म्हणजे आजी. नातं नसलं तरी अधिकार पूर्ण. हातात कायम पंखा, घडीचा.

"काय जळतंय?"

"जळत नाही, लोला. मारूया करतेय."

मी 'या' म्हणायच्या आत ती कढईत डोकावलेली होती. "आय नाकू!" हा उद्गार 'अगंबाई'पासून 'वाटोळं झालं'पर्यंत कुठेही चालतो. हा दुसऱ्या टोकाचा होता.

"केळं कुठलं?"

"लाकातान."

"लाकातान खायचं. तळायचं ते साबा. तुमच्याकडे केळी होत नाहीत का?"

अहो, जगात सगळ्यात जास्त केळी आमच्या देशात होतात! आमच्या जळगावची तर... पण कढईत माझ्या लाकातानचा शिरा होत होता, तेव्हा जळगावची अब्रू मी मध्ये आणली नाही. साबा मी बाजारात पाहिली होती. ठेंगणी, जाड सालीची, कडा असलेली. मला वाटलं, नीट वाढलेली नाहीत बिचारी.

"आणि मारूया कसली? पिनायपाय!" लोला मूळची इलोइलोची, तिकडचं नाव हेच. पायपाय म्हणजे पंखा. केळ्याला उभे काप द्यायचे, पण देठाकडे सुटू द्यायचे नाहीत, मग अलगद दाबून पसरायचं. हे समजावताना तिने स्वतःचा पंखा माझ्या नाकासमोर उघडला. मिटला. पुन्हा उघडला. मंदबुद्धी पोराला शिकवावं तसं, चार वेळा. मग माझ्या गोल चकत्यांकडे बोट. "ही काय, नाणी?"

नाण्यांवरून तिला आठवलं. "तुझा नवरा फाइव्ह-सिक्समध्ये ना?"

फाइव्ह-सिक्स म्हणजे पाच उसने द्यायचे, सहा वसूल करायचे. इथले काही भारतीय हा धंदा मोटरसायकलवरून करतात, म्हणून आम्ही सगळेच सावकार. माझा नवरा कॉम्प्युटरवर बसतो आणि आमचेच डोंबिवलीच्या फ्लॅटचे हप्ते चालू आहेत. हे मी लिफ्टमध्ये, पार्लरमध्ये, दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असतानासुद्धा सांगून झालंय. वर भारतीय माणसाला म्हणतात बुंबाय. कांद्यालाही तेच, सिबुयास बुंबाय. मुंबई कधी न पाहिलेला जालंधरचा माणूस बुंबाय, आणि अठरा वर्षं ८:१४च्या लोकलला लोंबकळलेली मीही बुंबाय! पहिल्या वर्षी हसू यायचं. आता चौथं आहे.

तेवढ्यात लोलाने एक चकती तोंडात टाकली. चावणं थांबलं.

"घरात कोण आजारी आहे?"

"कोणी नाही. का?"

"गामोत." म्हणजे औषध.

वेलचीला औषध! ज्या देशात केळ्याचं केचप करतात, त्याला टोमॅटोसारखा लाल रंग फासतात आणि ते काढल्याबद्दल मारिया ओरोसाबाईंचं कौतुक सांगतात, त्या देशाने माझ्या वेलचीला नाक मुरडावं? हे मी मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं, "साखर लावू का वरून, लोला?"

लावली. तिने सात खाल्ल्या. मोजल्या मी. दर घासाला "गामोत" म्हणत होती. मग उरलेल्या "खोकल्याला बऱ्या" म्हणून माझ्या डब्यात भरल्या आणि पंखा हलवत गेली. आम्हा दोघांना कढईतला चुरा.

डब्याचं एक शास्त्र असतं हो. आमच्या चाळीत शेजारचा डबा रिकामा परत करत नसत, निदान चमचाभर साखर तरी असायची. इथे डबाच नाही, तर साखरेचं काय घेऊन बसलात! तीन दिवस मी लोलाच्या दाराशी मुद्दाम चपला वाजवत जातेय.

आज दुपारी खाली उतरले तर गार्ड कुया, म्हणजे दादा, टेबलाशी जेवायला बसलेले. भात, वर तळलेला मासा. डबा निळ्या झाकणाचा.

समोरून कोणी गेलं की जेवणाऱ्याने बोलवायचं, ही इथली रीत. त्यांनी हसून डबा माझ्यापुढे सरकवला. "काइन पो, मॅम." जेवायला या.

"पोट भरलंय, कुया," मी म्हटलं.