पैशांचा हिशेब आणि फ्लोटिंग पॉइंट : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली सविस्तर प्रतिक्रिया मी लक्षपूर्वक वाचली. रकमा साठवण्यासाठी आणि त्यांची आकडेमोड करण्यासाठी फ्लोटिंग पॉइंट (अपूर्णांक ठरावीक अंकांत, बहुधा जवळच्या किमतीने साठवण्याची संगणकाची रीत) वापरू नये, या माझ्या लेखातील आग्रहावर आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत : शेवटी दोन दशांश स्थळांपर्यंत राउंड केले की प्रश्न मिटतो, एक्सेलही हीच पद्धत वापरते आणि असंख्य कचेऱ्यांचे हिशेब त्यावर चालतात, एका पैशाच्या फरकाने कोणाचे काही बिघडत नाही, आणि पेट्रियट क्षेपणास्त्राचे उदाहरण देऊन मी नवख्या प्रोग्रामरांना विनाकारण घाबरवतो.

पहिल्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे बरेचसे त्याच्यावर उभे आहेत. समजा, ५३ रुपये ५० पैशांच्या वस्तूवर ५ टक्के कर काढायचा आहे. कागदावर उत्तर २.६७५ येते, आणि अर्धा किंवा त्याहून अधिक भाग असेल तर पुढचा पैसा धरायचा, या शाळेत शिकलेल्या नियमाने ते २ रुपये ६८ पैसे होते. आता पायथन या प्रोग्रामिंग भाषेत ५३.५ ला ०.०५ ने गुणून दोन स्थळांपर्यंत राउंड करा, २.६८ मिळेल. त्याच ५३.५ ला आधी ५ ने गुणून नंतर १०० ने भागा आणि तसेच राउंड करा, २.६७ मिळेल. गणिताच्या दृष्टीने या दोन क्रियांत काहीच फरक नाही. परंतु २.६७५ ही संख्या संगणकाच्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ या अंकांत, नेमकी लिहिता येत नाही. तिच्या सर्वांत जवळच्या दोन संख्यांपैकी एक साधारण २.६७४९९९९९९९९९९९९८ आहे आणि दुसरी साधारण २.६७५०००००००००००००३. पहिल्या मार्गाने गेलेले उत्तर यांतल्या मोठ्या संख्येवर थांबते, दुसऱ्या मार्गाने गेलेले लहान संख्येवर. त्यानंतर राउंड करणारे फंक्शन आपले काम चोख बजावते आणि सोळाव्या अंकाजवळचा फरक अख्ख्या एका पैशाचा होतो. म्हणजे ज्या उपायावर आपली भिस्त आहे, तोच उपाय इथे फरक डोळ्यांना दिसेल इतका मोठा करतो.

बिलाच्या पडद्यावरचा हिशेब एका प्रोग्रामरने पहिल्या पद्धतीने लिहिला आणि महिन्याच्या अहवालाचा हिशेब दुसऱ्याने दुसऱ्या पद्धतीने लिहिला, तर दोघांचेही सूत्र बरोबर आणि दोघांचीही चाचणी यशस्वी ठरेल. तरीही बिलांची बेरीज आणि अहवालातील आकडा यांचा मेळ बसणार नाही.

इथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. १ एप्रिल १९५७ रोजी आपल्याकडे दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे १६ आणे आणि ६४ पैसे होत असत. १६ आणि ६४ हे दोन्ही दोनाचे घात असल्यामुळे आणा आणि जुना पैसा हे रुपयाचे अपूर्णांक म्हणून संगणकाला तंतोतंत मांडता आले असते. पाईने मात्र, म्हणजे रुपयाच्या १९२ व्या भागाने, तिथेही अडचण केली असती. आजच्या १ ते ९९ पैशांपैकी द्विमान पद्धतीत नेमके मांडता येणारे फक्त २५, ५० आणि ७५ पैसे आहेत. दोष यंत्राचा नाही आणि नाण्यांचाही नाही. दोन आणि दहा अशा वेगळ्या पायांच्या संख्यापद्धती एकमेकींत पूर्णपणे बसत नाहीत, एवढेच.

दशमान प्रकार (डेसिमल, म्हणजे संख्या दहाच्या पायावरच साठवणारे प्रकार) वापरले की सगळे आपोआप सुरळीत होते, असा दावा मी करत नाही. ५३ रुपयांवर ५ टक्के कर एकत्र काढला तर तो २ रुपये ६५ पैसे होतो. तोच केंद्राचा अडीच टक्के आणि राज्याचा अडीच टक्के असा वेगवेगळा काढला, तर प्रत्येकी १.३२५, राउंड करून १.३३, आणि एकूण २ रुपये ६६ पैसे होतात. हा एका पैशाचा फरक कोणत्याही संगणकाशिवाय, पेन-कागदावरही येतो. मग डेसिमलने काय साधले, असे आपण विचाराल. या दुसऱ्या फरकामागे एक नियम आहे. तो सनदी लेखापालाला विचारता येतो, कागदावर लिहिता येतो, ग्राहकाला समजावून सांगता येतो. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १७० मध्ये करासारखी रक्कम जवळच्या रुपयापर्यंत कशी न्यायची, ५० पैसे किंवा अधिक असतील तर काय करायचे, हे स्पष्ट लिहिलेले आहे. पहिला फरक मात्र गुणाकार आधी केला की भागाकार, यावर ठरला, आणि तो निर्णय जाणूनबुजून कोणीच घेतलेला नव्हता.

माझ्या आग्रहाचे मूळ कारण इथे आहे. राउंडिंग हा चुकीवरचा इलाज नसून व्यवहारातला एक निर्णय आहे आणि तो प्रोग्राममध्ये उघडपणे लिहिलेला असला पाहिजे. जावा या प्रोग्रामिंग भाषेतील बिगडेसिमल या दशमान प्रकाराला १० भागिले ३ विचारले आणि राउंडिंगचा नियम सांगितला नाही, तर तो उत्तर देण्याचे नाकारून अपवाद फेकतो, म्हणजे चूक कळवून थांबतो. हा नकार मला फार मोलाचा वाटतो. पायथनचा डेसिमल तितका कडक नाही : काही सांगितले नाही तर तो बरोबर मध्यावरची संख्या सम अंकाकडे नेतो, म्हणजे १.१२५ चे १.१२ करतो. म्हणून तिथेही नियम स्वतः नमूद करावा, असे मी सुचवीन.

एक्सेलविषयी आपण म्हणता ते खरे आहे; तेही दुहेरी अचूकतेचे फ्लोटिंग पॉइंट वापरते आणि १५ सार्थ अंक दाखवते. परंतु एक्सेलसमोर बहुधा एक माणूस बसलेला असतो. बेरीज जुळली नाही तर तो थांबतो आणि कारण शोधतो. रात्री आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामकडे असे कोणी पाहत नसते.

एका पैशाने काय बिघडते, या प्रश्नाला व्हँकुव्हर शेअर बाजाराचे उत्तर आहे. तिथला निर्देशांक जानेवारी १९८२ मध्ये १००० पासून सुरू झाला. दिवसातून हजारो वेळा तो नव्याने काढला जाई आणि दर वेळी तिसऱ्या दशांश स्थळापुढचे अंक राउंड न करता छाटले जात. नोव्हेंबर १९८३ मध्ये तो ५२४.८११ दाखवत होता; दुरुस्तीनंतर तो १०९८.८९२ निघाला. तिथे फ्लोटिंग पॉइंटपेक्षा छाटणीचा दोष होता, हे मान्य आहे. मुद्दा असा की फरक सतत एकाच दिशेने होत गेला, तर तो किती लहान आहे हे गौण ठरते. शिवाय ताळमेळ घालताना पैशाचा फरक चालवून घेण्याची सवय लागली की त्याच फटीतून खऱ्या चुकाही निसटतात. आपल्याकडच्या बिलांच्या तळाशी ‘राउंड ऑफ’ अशी वेगळी ओळ असते. व्यापाऱ्यांनी तो फरक लपवला नाही, त्याला नाव आणि जागा दिली. प्रोग्रामकडून माझी अपेक्षा याहून जास्त नाही.

पेट्रियटचे उदाहरण मी भीती घालण्यासाठी दिलेले नव्हते. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धहरान येथे पेट्रियट या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेला इराकचे क्षेपणास्त्र अडवता आले नाही आणि २८ अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले. तेथील यंत्रणा सुमारे १०० तास सलग चालू होती. वेळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजला जाई आणि ०.१ ही संख्या २४ बिटांत छाटलेली असल्यामुळे घड्याळ सुमारे ०.३४ सेकंदांनी चुकले होते. यातला माझ्या दृष्टीने सर्वांत बोलका तपशील असा की वेळेच्या गणनेची सुधारित पद्धत प्रोग्राममध्ये काही ठिकाणी घातली गेली होती आणि काही ठिकाणी राहून गेली होती. त्यामुळे दोन्ही वेळा एकाच पद्धतीने काढल्या असत्या तर जी चूक त्यांच्या वजाबाकीत नाहीशी झाली असती, ती उरली. एकच राशी दोन ठिकाणी दोन रीतींनी काढली जाणे, हा करबिलातला आणि तिथला समान धागा आहे, म्हणून ते उदाहरण लेखात होते.

दशमान प्रकारांच्या वेगाबद्दलचा आपला उल्लेख ओझरता आहे, म्हणून थोडक्यात सांगतो : रक्कम पैशांत मोजून पूर्णांक म्हणून साठवली, तर वेगाचा प्रश्न येत नाही, आणि जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या साध्या संख्येतही सुमारे ९० लाख कोटी रुपयांपर्यंतचा प्रत्येक पैसा नेमका मावतो. तापमान, अंतर, वजन यांसारख्या मोजमापांसाठी फ्लोटिंग पॉइंट मी स्वतः रोज निर्धास्तपणे वापरतो.

आपली बिलिंग प्रणाली अनेक वर्षे तक्रारीविना चालू आहे, असे आपण लिहिले आहे. तिच्यावर एक लहानशी चाचणी करून पाहावी, अशी विनंती आहे. १ पैशापासून १००० रुपयांपर्यंतच्या एक लाख किमती घ्या. आपण लावता त्या प्रत्येक दराने कर दोन रीतींनी काढा : एकदा दराच्या दशांश रूपाने गुणून, एकदा टक्केवारीने गुणून आणि शंभराने भागून. ज्या किमतींवर दोन्ही उत्तरे राउंड केल्यावर वेगळी निघतील, त्यांची यादी इथे दिलीत, तर पुढची चर्चा त्या यादीवरच करू.