उतार आहे म्हणून वाहिनी तुटत नाही?

गेल्या आठवड्यात कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या हेवर्डला राहणाऱ्या माझ्या मामांनी घरच्या व्हॉट्सॲप गटावर एक संदेश टाकला आणि खाली लिहिले, ‘बघा, कसे लुबाडतात!’ सॅन फ्रान्सिस्को परिसराला पाणी पुरवणाऱ्या हेच हेची व्यवस्थेच्या दुरुस्तीवर झालेला 4.8 अब्ज डॉलरांचा खर्च म्हणजे पाणीपट्टी वाढवण्यासाठी उभा केलेला भूकंपाचा बागुलबुवा आहे, असा त्या संदेशाचा दावा आहे. पाणी उताराने येते, तेव्हा बिघडण्यासारखे काही नाही. 1989च्या भूकंपात काही झाले नाही. घरात बाटल्या भरून ठेवल्या की भागते. आणि शहराचा खर्च उपनगरांच्या माथी मारला जातो, अशी चार कारणे त्यात आहेत. हाच मजकूर आणखी दोघांकडून आल्यावर गप्प बसणे जमेना.

पाणी उताराने येते, हे खरेच आहे. योसेमिटीच्या डोंगराळ राष्ट्रीय उद्यानातून 167 मैलांचे अंतर ते जवळजवळ पूर्णपणे उताराच्या जोरावर कापते. पण उतार पाणी ढकलतो, तुटलेली वाहिनी जोडत नाही. हे पाणी वाटेत कॅलाव्हेरस आणि हेवर्ड हे दोन प्रस्तरभंग, म्हणजे जिथे जमीन सरकून भूकंप होतात अशा भूगर्भातल्या भेगा, ओलांडते आणि पुढे सॅन आंद्रेआस प्रस्तरभंगाच्या कुशीतील तलावांपर्यंत जाते. हेवर्ड प्रस्तरभंगावरची जमीन भूकंप नसतानाही वर्षाला साधारण पाच मिलिमीटर सरकते, आणि मामांच्याच गावातली जुनी नगरपालिकेची इमारत तिच्यावर बांधल्यामुळे तडे जाऊन रिकामी पडली आहे. त्या इमारतीवरून गाडी नेणाऱ्या माणसाने ‘बिघडण्यासारखे काही नाही’ हे वाक्य पुढे पाठवावे, याचे मला नवल वाटते. शेजारच्या फ्रीमॉन्ट शहरात मिशन बुलेव्हार्ड या रस्त्याजवळ मुख्य वाहिनी हा प्रस्तरभंग ओलांडते. तिथे आता तिचा एक भाग काँक्रीटच्या भुयारात मोकळा ठेवून त्याला वळणारे आणि सरकणारे सांधे दिले आहेत, ते अशासाठी की जमीन साडेसहा फूट सरकली तरी वाहिनी फुटू नये. याच टप्प्यातला जुना अर्विंग्टन बोगदा तर कित्येक दशके आतून तपासलाच गेला नव्हता, कारण तो बंद ठेवला तर पाण्याला दुसरी वाट नव्हती. शेजारी नवा बोगदा 2015 मध्ये झाला.

1989च्या भूकंपाचा केंद्रबिंदू सॅन फ्रान्सिस्कोपासून सुमारे साठ मैल दूर, सांताक्रूझच्या डोंगरात होता. हेवर्ड प्रस्तरभंग तेव्हा हललाच नव्हता. त्याचा शेवटचा मोठा भूकंप 1868चा. जी परीक्षा झालीच नाही तिच्यात उत्तीर्ण झाल्याचा दाखला संदेशकर्ता देतो आहे. मामांचे बालपण पाटण तालुक्यातले. 11 डिसेंबर 1967च्या पहाटेच्या भूकंपात तिथल्या कोयना धरणाच्या भिंतीला तडे गेले, धरण पडले नाही, आणि तरीही मागून काँक्रीटचे आधार देऊन ते मजबूत केले गेले. तो खर्च फुकट गेला, असे मामांच्या तोंडून मी कधी ऐकलेले नाही.

बाटल्यांचा मुद्दा मात्र केवळ चुकीचा नाही, तो घातक आहे. माणशी दिवसाला एक गॅलन या हिशेबाने किमान तीन दिवसांचे पाणी जवळ ठेवावे, असा अधिकृत सल्ला आहे आणि तो पाळावाच. पण त्या बाटल्यांनी आग विझत नाही. 1906मध्ये सॅन फ्रान्सिस्को हादऱ्यापेक्षा आगीनेच अधिक उद्ध्वस्त झाले, कारण वाहिन्या फुटल्या आणि अग्निशामकांच्या नळांना पाणी राहिले नाही. साठ मैल दूरच्या 1989च्या हादऱ्यानेही शहराच्या मरीना भागात रस्त्याखालच्या वाहिन्या फुटल्या, हायड्रंट म्हणजे अग्निशामकांचे नळ कोरडे पडले आणि ‘फीनिक्स’ नावाच्या अग्निशमन नौकेने खाडीचे पाणी उपसून आग आटोक्यात आणली. मामांच्या लाकडी घरापाशी अशी नौका येणार नाही. शिवाय रुग्णालयांचे काय, सांडपाण्याचे काय, याबद्दल संदेशात एक अक्षर नाही. या दुरुस्तीच्या कामांचे उद्दिष्ट मोठ्या भूकंपानंतर 24 तासांत निदान मूलभूत पुरवठा सुरू व्हावा, असे ठरवलेले आहे; तीन दिवसांच्या बाटल्यांना अर्थ येतो तो त्यामुळेच.

उरला पैशाचा मुद्दा. या व्यवस्थेचे सुमारे दोन तृतीयांश पाणी शहराबाहेरचे घाऊक ग्राहक, म्हणजे उपनगरांची जलखाती, घेतात आणि वापराच्या प्रमाणात खर्च उचलतात. हेवर्ड तर आपले सगळे पाणी इथूनच घेते. ‘बागुलबुवा’ म्हणणाऱ्यांनी राज्याच्या लेखापरीक्षकांचा फेब्रुवारी 2000 चा अहवाल वाचावा. सॅन फ्रान्सिस्कोचे जलखाते कमकुवत दुवे शोधण्यात आणि कामे पूर्ण करण्यात इतके संथ आहे की पुरवठा खंडित होण्याचा धोका वाढतो आहे, असा ठपका त्यात आहे. म्हणजे तक्रार उधळपट्टीची नव्हती, दिरंगाईची होती. त्यानंतर 2002मध्ये शहराला ही कामे करायला लावणारा कायदा झाला, तोही उपनगरांच्याच आग्रहामुळे, आणि त्याच नोव्हेंबरात शहराच्या मतदारांनी कर्जरोख्यांना मंजुरी दिली. ते कर्ज पाणीपट्टीतून वर्षानुवर्षे फेडायचे असल्यामुळे कामे झाल्यावरही बिल उतरत नाही.

बिले खूप वाढली, हे मला मान्य करावे लागते, आणि खर्चही मूळ अंदाजात राहिला नाही. याच व्यवस्थेतल्या 1925च्या कॅलाव्हेरस धरणातला साठा राज्याने 2001मध्ये भूकंपाच्या भीतीने क्षमतेच्या सुमारे 40 टक्क्यांवर आणायला लावला. त्याच्या जागी नवे धरण व्हायला 2019 उजाडले, आणि डोंगरात जुन्या दरडी निघाल्यामुळे खर्च जवळजवळ दुप्पट झाला. त्या दरडी आधी का सापडल्या नाहीत, असा प्रश्न विचारणारा संदेश मामांनी पाठवला असता, तर मीही तो पुढे धाडला असता.