काकांचा डीए कुणी बंद केला?

काकांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख ठरली होती. आठवडाभर आधी काकूंचा फोन आला. "अरे, हे ऑपरेशन नको म्हणतायत. आता हात आखडता घ्यायला हवा, म्हणतात. तूच बोल."

काका पोस्टातून सब-पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर लोकांच्या मनीऑर्डरींचा हिशेब पै-पैशाने जुळवलेला माणूस. हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले होते, तिथल्या रांगेत कुणीतरी मोबाइल पुढे केला आणि संध्याकाळी तोच मेसेज घरच्या ग्रुपवर आला. थोडक्यात असा: वित्त कायदा 2025 ने केंद्राच्या निवृत्तांचा महागाई भत्ता (डीए) आणि वेतन आयोगाचा लाभ कायमचा बंद केला. संसदेत कुणी चकार शब्द काढला नाही. तुमच्या पेन्शनला पैसे नाहीत, मालदीवला मात्र 4,850 कोटी फुकट. आणि एक दिवस खासदार झालेल्याला जन्मभर पेन्शन. खाली नेहमीप्रमाणे, 'अकरा जणांना पाठवा'.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक, म्हणून त्याचाच आधी समाचार घेतो. वित्त कायदा 2025 झाला मार्चअखेर. त्यानंतर 1 ऑक्टोबर 2025 ला मंत्रिमंडळाने महागाई भत्ता 55 टक्क्यांवरून 58 टक्के केला, तोही 1 जुलैपासून, आणि निवृत्तांसाठीसुद्धा. मार्चमध्ये कायमचं बंद झालेलं ऑक्टोबरमध्ये वाढतं कसं? मूळ पेन्शन 20,000 असेल तर 3 टक्क्यांचे महिन्याला 600 रुपये होतात आणि तीन महिन्यांचा फरक 1,800. मी काकांना पासबुक काढायला लावलं. फरक जमा होता. त्यांनी स्वतः तिथे पेन्सिलीने टिकमार्क केली होती. तरी विश्वास मेसेजवर! (पेन्शनवर मिळतो त्याला कागदोपत्री 'महागाई सवलत' म्हणतात, पण पोस्टातला कुणी तसं म्हणताना मी ऐकलेला नाही. डीए तो डीए.)

मग ही वावडी उठली कुठून? केंद्रीय नागरी सेवा (पेन्शन) नियम 2021 मधल्या नियम 37 मध्ये मे 2025 मध्ये एक दुरुस्ती झाली. सरकारी खात्याचं महामंडळ किंवा कंपनी झाली आणि खात्यातला माणूस तिथे सामावला गेला, असं समजा. टेलिकॉम खात्याचं बीएसएनएल झालं, तसं. पुढे त्या कंपनीने त्याला गैरवर्तनासाठी बडतर्फ केलं तर सरकारी सेवेचे निवृत्तिलाभही जाणार. आधीच्या नियमात ते शाबूत राहत. बडतर्फीचा असा निर्णय संबंधित मंत्रालयाने तपासून पाहायचा, अशी तरतूदही आहे. झालं, एवढंच. सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या फॅक्ट चेकनेही नोव्हेंबर 2025 मध्ये हेच सांगून दावा खोटा ठरवला. पोस्ट खात्याची कंपनी झालेली नाही, काका बडतर्फ झालेले नाहीत आणि निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झालीत. त्या दुरुस्तीचा आणि त्यांच्या डोळ्याचा काडीचा संबंध नाही.

आता नाइलाजाने एक गोष्ट कबूल करतो, कारण ती काकांच्या मित्रांनी मला बरोबर पकडून विचारली. वित्त कायदा 2025 मध्ये पेन्शनबद्दल एक वेगळा भाग खरोखरच आहे. निवृत्तांमध्ये, अगदी निवृत्तीच्या तारखेवरूनसुद्धा, भेद करण्याचा अधिकार सरकारला आहे, असं त्यात कायद्याने पक्कं केलंय. ही गोष्ट लहान नाही. 17 डिसेंबर 1982 ला सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात निवृत्तांची तारखेवरून मनमानी फाळणी करता येणार नाही, असं म्हटलं होतं. म्हणून तर त्या दिवशी पेन्शनर दिन पाळतात. अर्थमंत्र्यांनी 27 मार्च 2025 ला राज्यसभेत सांगितलं की या तरतुदीने सध्याच्या पेन्शनमध्ये काही बदलत नाही. आज बदलत नाही, मान्य. उद्या आठव्या वेतन आयोगाचा अहवाल आल्यावर जुन्या-नव्यांत फरक करायचा ठरला तर कायदा हाताशी आहे. निवृत्त न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या आयोगाला नोव्हेंबर 2025 पासून 18 महिने दिलेत. पेन्शनर संघटनांनी आतापासून डोळ्यात तेल घालून पाहायला हवं ते इथे. पण मेसेजवाल्याला हा भाग वाचायला सवड नव्हती. त्याने 'डीए बंद' करून टाकला.

राज्यसभेत अर्थमंत्री यावर बोलल्या, म्हणूनच 'चकार शब्द काढला नाही' हे चूक. पण संसदेत खर्चावर पुरेशी चर्चा होते असंही मी म्हणणार नाही. दरवर्षी चार-दोन मंत्रालयांच्या खर्चाच्या मागण्यांवर लोकसभेत बोलणं होतं आणि उरलेल्या एका दमात मंजूर होतात. त्याला गिलोटिन म्हणतात, मुंडकं छाटायच्या यंत्राचं नाव, चपखल आहे. 2023 मध्ये तर 23 मार्चला सगळ्याच मागण्या, सुमारे 45 लाख कोटींच्या, गदारोळात विनाचर्चा मंजूर झाल्या. तो राग रास्त आहे. फक्त त्या रागावर खोट्याची फोडणी कशाला?

मालदीव. 4,850 कोटी हा आकडा खरा, 'फुकट' खोटं. जुलै 2025 मध्ये जाहीर झाली ती कर्जमर्यादा आहे, ती फेडायची असते. फेड वेळेवर होईल का, असं विचाराल तर शंका घ्यायला जागा आहे. आधीच्या कर्जांच्या हप्त्यांत आपण त्यांना सूट दिलीच आहे. खरी मदत पाहायची तर 2025-26 चा अर्थसंकल्प उघडा. परदेशांना मिळून 5,483 कोटी, त्यात भूतानला 2,150 आणि मालदीवला 600. केंद्राचा एकूण खर्च 50.65 लाख कोटी, म्हणजे शंभर रुपयांत परदेशांचे मिळून अकरा पैसे आणि मालदीवचा जेमतेम एक पैसा. उलट पेन्शनवर केंद्राचा खर्च सुमारे 2.77 लाख कोटी, परदेशी मदतीच्या पन्नासपट. सगळी परदेशी मदत उद्या बंद केली तर पेन्शनचा जेमतेम एक आठवडा निघेल. लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटापासून सत्तर सागरी मैलांवरच्या देशाशी संबंध राखायला तो एक पैसा जास्त की कमी, यावर खुशाल भांडा. त्याने काकांच्या ताटातली पोळी गेलेली नाही.

खासदारांच्या पेन्शनचं खरं आहे. महिना 31,000, किमान मुदतीची अट नाही, पाच वर्षांपुढच्या प्रत्येक वर्षाला 2,500 जादा. 2018 मध्ये त्याविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. चीड येते, मलाही येते. पुढे जाऊ.

कारण ज्याची पेन्शन खरंच हलाखीची आहे तो या मेसेजमध्ये कुठेच नाही. काकूंचे भाऊ साखर कारखान्यातून निवृत्त झाले. ईपीएस-95, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेखाली त्यांना महिन्याला 1,400 रुपये मिळतात. या योजनेची किमान पेन्शन 2014 पासून 1,000 वर अडकली आहे आणि तिच्यावर महागाई भत्ता नाहीच. 2013 मध्ये राज्यसभेच्या समितीने किमान 3,000 करा म्हटलं होतं. समितीचे अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी, जे पुढे आपले राज्यपाल झाले. बुलढाण्यात या निवृत्तांनी डिसेंबर 2018 पासून साखळी उपोषण मांडलं. त्यावर अकरा जणांना पाठवा म्हणणारा मेसेज मला आजवर आलेला नाही. 'डीए बंद'चा मात्र काकूंच्या भावाच्याही फोनवर पोचला. ते काकूंना म्हणाले, "मला कधी सुरू होता गं, बंद व्हायला?"

ऑपरेशनची नवी तारीख 4 डिसेंबर मिळाली आहे. 17 तारखेच्या पेन्शनर दिनाच्या कार्यक्रमाला काळा चष्मा लावून जाणारच, असं काकांचं म्हणणं. मी त्यांना वित्त कायद्यातला तो पेन्शनचा भाग मोठ्या अक्षरात छापून दिलाय. तिथे ठराव मांडायचा तर यावर मांडा म्हटलं. घरच्या ग्रुपवर मेसेज अजून तसाच आहे, खाली सात जणांनी हात जोडलेत.