सारा पेलिनच्या नावाने फिरणारी पुस्तकांची यादी खोटी आहे

काल मीच इथे यादी टाकलेली, की २००८ ला अमेरिकेत उपराष्ट्रपतिपदाला उभ्या राहिलेल्या कट्टर धार्मिक सारा पेलिनने अलास्कातल्या वसिलाची महापौर असताना लायब्ररीतली ही पुस्तकं बॅन केली. चुकलं माझं, माफ करा. रात्री नीट वाचलं तर यादीत हॅरी पॉटर, आणि तिने पुस्तकांचा विषय काढला तो महापौर झाल्यावर लगेच, १९९६ ला, पहिलं हॅरी पॉटर छापलंच १९९७ ला, मग तेव्हा ते बॅन कसं करणार? खरं एवढंच की पुस्तकं काढायला सांगितली तर काय कराल असं तिने ग्रंथपालबाईंना विचारलेलं (हे विचारणंही मला खटकतंच), त्यांनी साफ नकार दिला आणि एकही पुस्तक निघालं नाही. प्लीज यादी पुढे पाठवू नका, पाठवली असेल तिथे हेही टाका.