ब्रेक ऑईल सादळू द्या!

दोन दारांची गाडी घेतलीत, अभिनंदन. केए २२ चा फॅन्सी नंबर मिळाला, सायलेन्सर असा बसवलात की टिळकवाडीच्या पहिल्या रेल्वे गेटला गाडी चालू केली तर तिसऱ्या गेटचा पानवाला मान वर करून बघतो. आता कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर ट्रॅक डेला, म्हणजे आपलीच गाडी रेसच्या ट्रॅकवर पळवायच्या दिवसाला, जायचं ठरलंय. आठशेहून जास्त किलोमीटरचा प्रवास, हेल्मेट आलं, बॉनेटवर पट्टा आला, टी-शर्टसुद्धा आले. राहता राहिलं ब्रेक ऑईल. ते कसं निवडायचं हे सांगायला माझ्याइतका लायक माणूस बेळगावात सापडणार नाही, कारण पुढचं बहुतेक सगळं मी स्वतः करून बसलोय.

पहिली गोष्ट, बाटलीवरचा नंबर बघा. डॉट ३, डॉट ४, डॉट ५, डॉट ५.१. डॉट ही अमेरिकेच्या परिवहन खात्याची आद्याक्षरं आहेत, पण ते सोडा. आपण लहानपणापासून शिकलोय, ज्याचे मार्क जास्त तो हुशार. तेव्हा डोळे झाकून ५ घ्या. ते सिलिकॉनचं असतं आणि बाकी सगळी ग्लायकॉलची, दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत, एबीएसच्या, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणाऱ्या, गाडीत ते घालू नये, असं कोणीतरी सांगेल. त्याला म्हणावं, रंग बघ, जांभळा आहे, गाडीच्या पट्ट्याला मॅच होतो. ५.१ पुन्हा ग्लायकॉलचंच. म्हणजे ५ आणि ५.१ यांचं नातं आमच्या गल्लीतल्या दोन पाटील घराण्यांसारखं. आडनाव तेच, जेवणावळीला बोलावणं नाही.

५.१ ची खुबी अशी की ते उणे ४० अंशांतही पातळ राहतं. आपल्या गावाला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात हे खरं, पण तेवढी थंडी अजून कॅम्पातही पडलेली नाही. तरीपण घ्या. असलेलं बरं.

नंबरावर समाधान झालं नाही तर बाटलीच्या मागे दोन आकडे सापडतील, कोरडा उत्कलनबिंदू आणि ओला उत्कलनबिंदू. आपल्या सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे, पण या दोन सीमांमधली कुठली मानायची याचा निकाल तुम्ही काउंटरवर उभ्या उभ्या लावू शकता. मोठी असेल ती. साध्या डॉट ४ ला कोरडं किमान २३० अंश आणि ओलं १५५ लागतं. कोरडं म्हणजे नवंकोरं ऑईल किती अंशांना उकळतं ते, आणि ओलं म्हणजे तेच ऑईलात साधारण ३.७ टक्के पाणी शिरल्यावर. रेसिंगच्या बाटल्यांवर तर चैनच आहे. मोतुलच्या आरबीएफ ६०० चा कोरडा आकडा ३१२, आरबीएफ ६६० चा ३२५. दोघांचाही ओला आकडा २०५ च्या आसपासच, पण तो बारीक अक्षरांत असतो आणि बारीक अक्षरं वाचायचं आपलं वय गेलं. कॅस्ट्रॉलचं एसआरएफ ओलं झाल्यावरही २७० पर्यंत टिकतं. पण त्याची किंमत ऐकली की घरी बायकोला मांडे आणि कुंदा दोन्ही नेले तरी माफी मिळत नाही. गंमत म्हणजे हे ३०० च्या वरचे बरेचसे पैलवान डॉट ४ याच नावानं विकले जातात. म्हणजे चौथीतला पोरगा पाचवीतल्याला चितपट करतो. असल्या गोष्टींनी शिस्त बिघडते, लक्ष देऊ नका.

आता सल्ला घ्यायचा तर उद्यमबागेतल्या काकांचा घ्या. बेळगावात हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह बनवणारे एवढे कारखाने आहेत की प्रत्येक घरात एक तरी काका हायड्रॉलिकवाला असतोच. ते म्हणतील, "ब्रेक म्हणजे हायड्रॉलिकच की ओ! आमच्याकडचं अडुसष्ट नंबरचं ऑईल घाल, काय होत नाही." खरंच काही होत नाही. ब्रेकमधले रबरी सील त्या खनिज तेलानं वडापावच्या पावासारखे फुगतात, एवढंच. काकांनी चाळीस वर्षं प्रेस मशीन चालवलंय, आणि प्रेस मशीनला वळणं घ्यावी लागत नाहीत.

यानंतर सगळ्यात महत्त्वाचं, ऑईल मुरू देणं. ग्लायकॉलचं ब्रेक ऑईल हवेतला ओलावा ओढून घेतं. शास्त्राच्या पुस्तकात याला मोठा शब्द आहे, आपल्या आज्यांकडे साधा होता, सादळतं. पापड सादळतात, काड्यापेटी सादळते, तसंच हे. झाकणाच्या छिद्रातून सादळतं, रबरी होजमधून सादळतं. आणि सादळवायला आपल्या भागासारखी जागा नाही. अथणीकडच्यांची जरा गैरसोय आहे, तिकडे हवा कोरडी. पण तुम्ही खानापूर-जांबोटी पट्ट्यातले असाल तर नशीब काढलंत. जूनमध्ये पाऊस लागला की कपाटातल्या लग्नाच्या कोटावर बुरशी येते, तिथं ऑईलची काय कथा. दोन पावसाळे गाडी शेडमध्ये उभी ठेवा, मास्टर सिलिंडरची डबी अधूनमधून उघडून 'लेव्हल' बघत राहा. लेव्हल कधी कमी होत नाही. मधाच्या रंगाचं ऑईल चहाच्या रंगाचं झालं की समजावं, मुरलं.

याला काही शहाणे उपाय सांगतात, ट्रॅक डेच्या आधी जुनं ऑईल काढून सीलबंद बाटलीतलं नवं भरा, हवा काढा. म्हणजे ब्लीडिंग. मी एकदा केलं. गॅरेजमधला पोरगा बैलहोंगलकडचा, अस्सल कानडी. मी आत बसून पेडल दाबायचं, तो चाकाखाली निपल, म्हणजे ऑईल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू, सैल करणार. सुरुवात सगळ्यात लांबच्या चाकापासून, म्हणजे मागच्या डावीकडून. तो म्हणाला "ओत्तु", मी दाबलं. "हिडी", म्हणजे धरून ठेव. मग त्यानं पाना फिरवला, पारदर्शक नळीतून काळपट ऑईल बुडबुड्यांसकट बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत उतरलं. निपल बंद झाल्यावरच "बिडु", सोड. एवढे तीन शब्द. पण बेळगावात जन्म काढूनही माझ्या डोक्यात हिडी आणि बिडु यांची अदलाबदल झाली. निपल उघडं असताना मी पाय सोडायचो आणि सिलिंडर सुर्रकन हवा आत ओढायचं. तिसऱ्या चाकाला पोरानं डोकं बाहेर काढलं. "साहेब, हिडी अंद्र हिडी री!" तोवर दोन चाकांतून जेवढी हवा काढली त्याच्या दुप्पट आम्ही भरली होती. सगळं पहिल्यापासून. दोन बाटल्या ऑईल गेलं, बॉनेटशेजारच्या रंगावर चार थेंब सांडले ते मी कोरड्या फडक्यानं पुसले, आणि रंग फडक्यावर आला. पाण्यानं धुवायचं असतं म्हणे.

तेव्हा या भानगडीत पडूच नका. मीही पुढच्या वेळी पडलो नाही. नव्यानं घेतलेल्या सेकंडहँड गाडीचं ऑईल चार वर्षांचं होतं, पण सर्व्हिस बुकावर शिक्के होते. शिक्का असला की आपण निवांत.

ट्रॅकवर काय होतं त्याचा हिशेब एकदा ऐकून ठेवा. १३०० किलोची गाडी १८० च्या वेगावरून ८० वर आणली की जी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते, तेवढ्यात चार लिटर पाण्याला उकळी येईल. म्हणजे एका वळणाला चाळीस कप चहाचं आधण. चोर्ला घाटात तुम्ही असं दिवसातून चारदा केलं असेल, मधे गुरं आडवी येतात, ट्रक लागतो, भजी खायला थांबतो. इथं भजी नाहीत. एक आधण निवायच्या आत दुसरं चढतं.

तिसऱ्या लॅपला, म्हणजे ट्रॅकच्या तिसऱ्या फेरीला, सरळ रस्ता संपताना मी पाय ठेवला आणि पेडल भिजलेल्या स्पंजसारखं खाली खाली जाऊन मॅटला टेकलं. ऑईलात मुरलेलं पाणी कॅलिपरमध्ये, म्हणजे चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणाऱ्या चिमट्यात, उकळलं होतं. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून माझा सगळा जोर वाफेला मालिश करण्यात गेला. पेडल तीनदा पंप केलं, गिअर खाली टाकला, अंबाबाईला हाक मारली आणि गाडी ट्रॅकबाहेरच्या मातीत जाऊन थांबली. मार्शल आला. तोवर दहाएक मिनिटं झाली होती, कॅलिपर निवले, वाफेचं पुन्हा पाणी झालं. त्यानं आत बसून ब्रेक दाबला. दगडासारखा कडक. माझ्याकडे त्यानं जे बघितलं ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

शेवटी, पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करायच्या जागेत, येताना सावकाश, ब्रेक न लावता एक थंड लॅप मारा असं सांगतात. वेळ वाया घालवू नका. तापल्या गाडीनं थेट आत या, हँडब्रेक खसकन ओढा, म्हणजे पॅड तापलेल्या डिस्कला चिकटून बसतील आणि गाडी फोटोसाठी हलणार नाही.

आणि उरलेली अर्धी बाटली टाकून देऊ नका, पैसे दिलेत. झाकण जरा सैल ठेवून स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेवा, कुकरच्या बरोबर वर. माझ्याकडे एक आहे, पाच पावसाळे खाल्लेली. ट्रॅक डेच्या आधी लागलीच तर या घरी, चहाही होईल.