‘पट भरला, पुढच्या वर्षी या’ : एका मुख्याध्यापिकांना उत्तर

मॅडम, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रागाने लिहिलेली असली तरी मुद्द्यांची आहे. दोन ओळींत तिची बोळवण करणं बरं दिसलं नसतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात संदर्भ. पुणे महापालिकेत अलीकडे सामील झालेल्या एका गावातली गोष्ट मी मागच्या लेखात लिहिली होती. बांधकामावर काम करणारं एक जोडपं मुलाला पहिलीत घालायला महापालिकेच्या शाळेत गेलं, तर ‘पट भरला, पुढच्या वर्षी या’ असं तोंडी सांगून त्यांना परत पाठवलं. शाळेचं नाव मी दिलं नव्हतं आणि आताही देणार नाही. अशा वेळी पालकांनी लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी, एवढा सल्ला त्या लेखात होता.

त्यावर तुम्ही लिहिलंत: ‘तुम्ही पालकांना शाळेशी भांडायला शिकवताय. माझ्या पहिलीच्या एका तुकडीत ६४ मुलं आहेत. शाळा म्हणजे एसटी नाही, उभ्याने माणसं घ्यायला. पुढे दीड-दोन किलोमीटरवर दुसऱ्या शाळेत बाकं रिकामी आहेत, पण सगळ्यांना आमचीच शाळा हवी, कारण इथे सेमी (मराठी माध्यम, पण गणित-विज्ञान इंग्रजीतून) आहे. राज्यात मराठी शाळा ओस पडल्यात आणि तुम्ही भरलेल्या शाळांच्या कथा सांगताय. तुमची स्वतःची मुलगी कुठे शिकते?’

शेवटचा प्रश्न आधी संपवतो. ती खासगी अनुदानित मराठी शाळेत शिकते. तिच्या प्रवेशाच्या वेळी आम्हाला कुणी पुढच्या वर्षी यायला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी अर्ज लिहू शकलो असतो, दोन-चार फोन करू शकलो असतो. त्या जोडप्याला यातलं काही जमत नव्हतं, म्हणूनच तो लेख लिहिला.

आता ६४ मुलांचं. इतक्या मुलांना एका बाईंनी अक्षरओळख करून द्यायची, वर पोषण आहाराची नोंद ठेवायची आणि ऑनलाइन माहिती भरायची, हे होण्यासारखं नाही. यावर आपलं भांडण नाहीच. प्रश्न असा आहे की पासष्टावं मूल दारात आलं तर अडचण कुणाची? शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात हिशोब दिलेला आहे. पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार, २०० पर्यंत पाच. त्यापुढे मुख्याध्यापक सोडून एका शिक्षकामागे ४० पेक्षा जास्त मुलं नकोत. शिवाय प्रत्येक शिक्षकाला किमान एक वर्गखोली. हे प्रमाण राखण्याची जबाबदारी कलम २५ ने सरकार आणि स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. घराजवळ शाळा उपलब्ध करून देणं हेही कलम ९ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाचं, म्हणजे तुमच्या बाबतीत महापालिकेचं कर्तव्य. आपल्या राज्यात पहिली ते पाचवीसाठी ‘जवळ’ म्हणजे एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन. पट भरला म्हणून मुलाला परत पाठवा, असं या कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही.

तुम्हाला खोली बांधता येत नाही आणि शिक्षक नेमता येत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच मी अर्ज म्हणतोय. अर्जावर तुमच्या हातचा शेरा हवा: ‘मंजूर शिक्षक इतके, खोल्या इतक्या, सध्याचा पट इतका, जादा तुकडीची गरज आहे.’ तो कागद शिक्षण विभागात गेला की निदान मागणी नोंदली जाते. तोंडी नकाराचं मात्र कुठेच काही उरत नाही. मूल परत जातं, कागदावर शाळा सुरळीत चाललेली दिसते आणि पुढच्या जूनमध्ये तुम्ही पुन्हा त्याच खोल्यांत, तेवढ्याच शिक्षकांनिशी उभ्या असता.

इथे संचमान्यतेचा विषय काढावाच लागेल. तुम्हाला तो पाठ असणार, पण पालकांना बहुतेक ठाऊक नसतो. शाळेला किती शिक्षक मंजूर होणार हे ३० सप्टेंबरच्या पटावरून ठरतं आणि त्यात आधार प्रमाणित झालेली मुलंच मोजली जातात. म्हणजे रोज येणारं, खिचडी खाणारं, पाढे म्हणणारं मूल आधारवरच्या नावात एक काना कमी-जास्त झाला म्हणून मोजणीतून बाद होऊ शकतं. गंमत अशी की शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात स्पष्ट केलेलं आहे. तेव्हा मुलाला आधारशिवाय प्रवेश द्यायचा, पण आधारशिवाय त्याच्यासाठी शिक्षक मिळणार नाही! १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष आणखी कडक केले. तुमच्या संघटनाही त्याविरोधात बोलल्या आणि त्यांचं बरोबर होतं.

याच कारणाने ‘नुसतं बसायला पाठवा, नाव नंतर घालू’ ही काही शाळांतली दयाळू पद्धत मला पटत नाही. मुलाच्या दृष्टीने ती नकारापेक्षा बरी, पण शाळेच्या दृष्टीने घातकच. ते मूल वर्गात असतं आणि पटावर नसतं. तुमची ६४ ची तुकडी कागदावर ५० ची दिसत असेल, तर तुम्हाला दुसरी शिक्षिका कोण देणार?

बहुतेकदा अडतं ते कागदांवर, आणि सांगितलं जातं पट भरल्याचं. हे तुमच्या शाळेबद्दल म्हणत नाही. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (कलम १४). जून उलटून गेल्यावर आलेल्या मुलालाही नाकारता येत नाही (कलम १५). स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा प्रवेश ही तर स्थानिक प्राधिकरणाची वेगळी नोंदवलेली जबाबदारी आहे. बांधकामावरची, वीटभट्टीवरची, ऊसतोडीची मुलं कधीच पंधरा जूनला दप्तर घेऊन हजर होत नाहीत. त्यांची साईट बदलते तेव्हा त्यांची शाळा बदलते.

सेमीबद्दल तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे. कायदा जवळची शाळा देतो, आवडीची नाही. जवळच्या एका शाळेत जागा असताना दुसरीसाठीच अडून बसणाऱ्या पालकाची बाजू मी घेणार नाही. शिरूर तालुक्यातली वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा नावारूपाला आली, तेव्हा बाहेरगावचे पालकही तिथे प्रवेशासाठी रांगेत होते. त्या रांगेला हक्क म्हणता येत नाही. पण आपल्या या जोडप्याला सेमी म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. आणि ‘दीड-दोन किलोमीटर’ हे अंतर तुम्ही सहज लिहून गेलात. मध्ये ट्रकची वर्दळ असलेला रस्ता आहे, पदपथ नाही, आई सकाळी आठला साईटवर हजर हवी. सहा वर्षांच्या पोराने एकट्याने तो रस्ता ओलांडायचा का? तिथली बाकं वापरायचीच असतील तर महापालिकेने ने-आण करावी. मग माझी काही तक्रार नाही.

‘एवढं आहे तर खासगीतल्या २५ टक्क्यांत घाला’ असं आणखी एका वाचकाने सुचवलंय, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखलेल्या जागांत; त्यांनाही इथेच सांगतो. ते प्रवेश शाळा सुरू होण्याच्या कितीतरी आधी ऑनलाइन भरायचे असतात, सोडतीने लागतात आणि फक्त सुरुवातीच्या वर्गासाठी असतात. जूनमध्ये पट भरल्याचं कळलेल्या पालकाला त्यांचा उपयोग नाही. पण या २५ टक्क्यांवरून २०२४ मध्ये जे झालं ते आपल्या विषयाशी अगदी जोडलेलं आहे. त्या फेब्रुवारीत राज्य सरकारने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला या २५ टक्के जागांतून सूट. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात स्थगिती दिली, १९ जुलैला तो बदल रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. तो नियम करताना सरकारने काय धरून चाललं होतं बघा. नकाशावर शाळेचा ठिपका आहे, म्हणजे मुलाची सोय झाली! त्या ठिपक्यात ६४ च्या तुकड्या आहेत आणि दारातून मुलं परत चाललीत, हे मंत्रालयात कळायला कागद लागतो. तो कागद तुमच्याकडूनच जाऊ शकतो.

आता ओस पडलेल्या शाळांचं. २० च्या आत पट असलेल्या सुमारे १५ हजार शाळा राज्यात आहेत, हे शिक्षण खात्यानेच २०२२ मध्ये सांगितलं होतं, आणि त्यांच्या समूह शाळा करायचा, म्हणजे अशा छोट्या शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करायचा, घाट पुढे आला. पण ओस शाळा आणि भरलेल्या शाळा या एकाच हालचालीच्या दोन बाजू आहेत. डोंगरातल्या वाडीवरची माणसं उठून शहराच्या कडेला आली. ११ गावं २०१७ मध्ये आणि २३ गावं २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. तिथल्या शाळा गावठाणापुरत्या बांधलेल्या, कौलारू चार-पाच खोल्यांच्या. भोवती टॉवर उभे राहिले. टॉवरमधली मुलं पिवळ्या बसमधून जातात आणि टॉवर बांधणाऱ्यांची, झाडणाऱ्यांची, पहारा देणाऱ्यांची मुलं या शाळेत येतात. माणसं हलली, पण शिक्षकांची पदं आणि खोल्या त्या वेगाने हलल्या नाहीत. वाडीवरची शाळा वाचावी असं मलाही वाटतं. पण शहराच्या कडेच्या शाळेत आलेलं मूल परत पाठवल्याने वाडीवरचा पट वाढत नाही.

तक्रारीच्या मार्गाबद्दल मात्र मी कुणाला भाबडी आशा दाखवणार नाही. कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो आणि त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. जूनमध्ये तक्रार केली तर निर्णयाला सप्टेंबर उजाडणार. तोवर पहिलीतल्या मुलाचं अर्धं सत्र गेलं. म्हणून माझा भर शाळेच्या दारातच मार्ग निघण्यावर आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात. जादा तुकडी, दुपारचं सत्र, शेजारच्या समाजमंदिराची खोली, यातलं काहीतरी समितीच्या ठरावाने मागता येतं. मुख्याध्यापक एकटे मागतात तेव्हा ‘बघू’ म्हणणारे अधिकारी पालकांच्या सह्या असलेल्या ठरावाला निदान उत्तर देतात. यात पालक शाळेशी भांडत नाहीत, शाळेच्या बाजूने भांडतात. माझ्या लेखात तुम्हाला उलटं दिसलं. त्या जोडप्याला शाळेने समितीचं नावसुद्धा सांगितलं नव्हतं, हे तेवढं लक्षात घ्या.

लेख काढून टाका असं तुम्ही शेवटी म्हटलंय, ते करणार नाही. तुमची प्रतिक्रिया मात्र लेखाच्या वरच ठेवतो, म्हणजे अर्ज घेऊन जाणाऱ्या पालकाला टेबलापलीकडची बाजूही कळेल.

एक विचारायचं आहे. तुमच्या त्या ६४ पैकी किती मुलांचे आधार अजून जुळत नाहीत? ३० सप्टेंबरला अजून अवकाश आहे. वस्तीवर आधार दुरुस्तीचं शिबिर लावायचं असेल तर या ब्लॉगच्या वाचकांपैकी दोघे-तिघे हे काम करतात. मला ईमेल करा, त्यांच्याशी गाठ घालून देतो.