बीजिंगच्या सात खुर्च्या

आपल्याकडे निवडणुका आल्या, आमदारांची पळवापळवी सुरू झाली, की कुणीतरी हमखास म्हणतंच: "यापेक्षा चीन बरा! तिथे खालपासून घासून वर आलेली माणसं राज्य करतात, वीस-वीस वर्षांचं नियोजन करतात. रोजची कटकट नाही." माझं म्हणणं इतकंच की, हे म्हणण्याआधी तिथल्या सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाचा सगळ्यात वरचा मजला एकदा नीट बघा.

कागदावर रचना सोपी आहे. दहा कोटींच्या घरात सदस्य. दर पाच वर्षांनी महाअधिवेशन, त्याला दोन हजारांवर प्रतिनिधी. ते केंद्रीय समिती निवडतात (२०२२ मध्ये २०५ जणांची), ती समिती २४ जणांचं पॉलिट ब्यूरो निवडते, आणि त्यातून निघते सात जणांची स्थायी समिती. प्रत्यक्षात नावं वरून ठरून खाली येतात आणि खालून फक्त शिक्का बसतो. राष्ट्राध्यक्षपद म्हणाल तर शोभेचं. जीव आहे तो पक्षाच्या सरचिटणीसपदात आणि केंद्रीय लष्करी आयोगाच्या अध्यक्षपदात, कारण तिथलं सैन्य देशाचं नाही, पक्षाचं आहे. शी जिनपिंग यांच्याकडे तिन्ही पदं आहेत.

२३ ऑक्टोबर २०२२ चा व्हिडिओ मिळाला तर बघा. बीजिंगच्या ग्रेट हॉलमध्ये पत्रकार वाट बघत बसलेत, आणि दारातून एकामागून एक सात पुरुष येतात. ज्या क्रमाने येतात तोच त्यांचा हुद्दा. पुढचा पंतप्रधान कोण, हे जगाला त्या रांगेवरून कळलं. शी यांच्या मागोमाग ली कियांग होते. त्याच वर्षी कोविडच्या टाळेबंदीत शांघायमध्ये दोन महिने लोकांना घरात कोंडलं गेलं, खायला मिळेना म्हणून बाल्कन्यांमधून ओरडा झाला, तेव्हा त्या शहराचे पक्षप्रमुख हेच. तोवर केंद्र सरकारात एक दिवस काम केलेलं नव्हतं, पण शी झेजियांग प्रांतात असताना त्यांच्या हाताखाली होते. पाचव्या क्रमांकाचे त्साय छी फुजियान आणि झेजियांगपासूनचे, सहावे दिंग शुएश्यांग शांघायपासूनचे. आपल्या भाषेत सांगायचं तर सगळे 'साहेबांची माणसं'. आणि 'अर्धं आभाळ स्त्रियांनी पेललंय' म्हणणाऱ्या या पक्षाने स्थायी समितीत आजवर एकाही बाईला घेतलेलं नाही. २०२२ मध्ये तर पॉलिट ब्यूरोतही एकही नाही.

पण नेहमीच असं होतं का? नाही, आणि मला खरा रस त्यातच आहे.

माओ गेला ९ सप्टेंबर १९७६ ला. महिनाही झाला नव्हता, ६ ऑक्टोबरच्या रात्री चुंगनानहाय या नेत्यांच्या वसाहतीत स्थायी समितीची बैठक बोलावली गेली. विषय काय, तर माओच्या निवडक लेखनाचा पाचवा खंड! वांग हुंगवन आणि चांग चुनछियाओ, दोघेही माओच्या बायकोच्या गटातले आणि स्थायी समितीचेच सदस्य, बैठकीला म्हणून आले आणि दारातच पहारेकऱ्यांनी धरले. माओच्या बायकोला तिच्या राहत्या घरातून उचललं. सत्तेचा निकाल लावायची ही पद्धत. त्याआधी संरक्षणमंत्री लिन बियाओचं नाव वारस म्हणून थेट पक्षाच्या घटनेत छापलं होतं, आणि अडीच वर्षांच्या आत त्याचं विमान मंगोलियात कोसळलं.

हे सगळं अंगावर झेललेल्या आणि माओनंतर सर्वेसर्वा झालेल्या डेंग शिआओपिंगने ऐंशीच्या दशकात पक्षाला वळण लावायचं ठरवलं. १९८२ मध्ये पक्षाध्यक्षपदच रद्द केलं. राष्ट्राध्यक्षाला दोनच कार्यकाळ. पुढे जाऊन अलिखित संकेत पडला की अधिवेशनाच्या वेळी ६७ वय असेल तर राहा, ६८ असेल तर घरी बसा. लोकशाहीचं प्रेम वगैरे काही नव्हतं. पुन्हा कुणी माओ होऊन आपल्याच मानेवर बसू नये, एवढीच इच्छा. गंमत म्हणजे या काळात डेंग स्वतः सरचिटणीस नव्हता. १९८९ मध्ये थिआनानमेन चौकात विद्यार्थी जमले तेव्हा तो स्थायी समितीतही नव्हता, पण समितीत मतभेद झाले आणि लष्करी कायदा लावायचा फैसला झाला त्याच्या घरी. त्या वर्षी १६ मे रोजी सरचिटणीस चाओ ज़ियांग यांनी सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांना उघडच सांगितलं होतं की महत्त्वाच्या गोष्टीत आम्हाला अजून डेंगचं सुकाणू लागतं. चाओंची खुर्ची तर गेलीच, २००५ मध्ये मरेपर्यंत ते नजरकैदेत राहिले.

तरी मान्य करायला हवं, हे संकेत काही काळ चालले. जियांग झेमिनकडून हू जिंताओकडे आणि हूंकडून शींकडे सत्ता रक्त न सांडता गेली. कम्युनिस्ट राजवटीत हे थोडंथोडकं नव्हे. २००७ मध्ये तर वरच्या वर्तुळात कल चाचणीचं गुप्त मतदानही झालं, आणि शी त्यातूनच पुढे आले.

मग त्यांनी ती शिडीच काढून घेतली. २०१७ मध्ये मतदान बंद, त्याऐवजी 'समोरासमोर चर्चा'. ज्यांच्याकडे वारस म्हणून बघितलं जायचं त्यातले सुन झेंगचाय जन्मठेप भोगताहेत, तर हू चुनहुआ यांना २०२२ मध्ये पॉलिट ब्यूरोतूनही नारळ मिळाला. मार्च २०१८ मध्ये दोन कार्यकाळांची अट उडवली, २,९५८ विरुद्ध २ मतांनी. (ते दोघं कोण असतील, याचं कुतूहल मला अजून आहे.) आणि वयाचा संकेत? ६७ वर्षांचे ली केकियांग घरी गेले, ७२ वर्षांचे जनरल चांग योश्या राहिले. तोंड पाहून नियम. जो कधी लिहिलाच नव्हता, तो मोडला म्हणून दाद तरी कुणाकडे मागणार? त्याची पाठराखण करणारे म्हातारे तरी कुठे उरलेत? हू जिंताओंना त्याच अधिवेशनात दंडाला धरून सभागृहाबाहेर नेलं, शेजारचे बहुतेक समोर बघत बसले.

बरं, निष्ठावंत निवडले म्हणजे स्वस्थता आली, असंही नाही. परराष्ट्रमंत्री चिन गांग जून २०२३ मध्ये दिसेनासे झाले, महिन्याभरात पद गेलं. २०२२ च्या सात जणांच्या लष्करी आयोगातले तिघे, म्हणजे ली शांगफू, म्याओ हुआ आणि उपाध्यक्ष ह वेईदोंग, ऑक्टोबर २०२५ पर्यंत पक्षातूनच हाकलले गेले. हे काही आधीच्या राजवटीचे उरलेसुरले नव्हते, शींनीच वर आणलेले होते. वीस वर्षांच्या नियोजनाचं कौतुक करणाऱ्यांनी या तीन वर्षांचा हिशोब लावून दाखवावा.

पुढचं अधिवेशन २०२७ मध्ये. शी तेव्हा ७४ वर्षांचे असतील. हू जिंताओ स्थायी समितीत आले तेव्हा पन्नाशीच्या आत होते, शी स्वतः ५४ चे. म्हणजे वारसाला दहा-पाच वर्षं आधी आत घेऊन तयार करायची रीत होती. आजच्या सातांत सगळ्यात तरुण दिंग शुएश्यांग, आणि तेसुद्धा २०२७ मध्ये ६५ चे होतील. त्यांनी एखादा प्रांत किंवा महानगर आजवर एकदाही स्वतः चालवलेलं नाही.